अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायच्या आधी हे वाचा

आपल्याकडं कापूस वेचून, सोयाबीन काढून पन्नाशीच्या आतच कंबर अन् गुडघे धरतेत. माझ्या आईचंबी तेच झालं, दुखायच्या गोळ्या खाऊन खाऊन पोटात जळजळ सुरू झाली तवा कुणीतरी म्हणालं सुया टोचून बघा. मी लई घाबरलो होतो, म्हणून जे समजलं ते लिहितोय.

ही विद्या चीनची, दोन हजार वर्षांपेक्षा जुनी. 1938 ला सोलापूरच्या डॉ. कोटणीसांसोबत जे डॉक्टर चीनला गेले त्यातले डॉ. बसू नंतर ही विद्या शिकून भारतात घेऊन आले, म्हणजे आपल्याला ती अगदीच परकी नाही. चिनी मत असं की अंगात 'ची' नावाची शक्ती ठरलेल्या वाटांनी फिरते अन् ती अडली की दुखतं, त्या वाटांवर 361 बिंदू सांगितलेत. आजचे डॉक्टर ते तसं मानत नाहीत, ते म्हणतेत सुईनं नसा जाग्या होतात अन् अंगातलीच वेदना कमी करणारी द्रव्यं सुटतात.

आता मुद्द्याचं. सुई दुखणं कमी करते, दुखण्याचं कारण काढत नाही. झिजलेला गुडघा सुईनं भरून येत नाही. म्हणून आधी हाडाच्या डॉक्टरला दाखवा, एक्स-रे काढा, काय झालंय ते कळू द्या मग सुया. अन् कंबर दुखताना पायातली ताकद गेली, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, किंवा छातीत कळ आली तर सुईवाल्याकडं अजिबात जायचं नाही, थेट मोठा दवाखाना.

जुनी कंबरदुखी, मान, गुडघे, अर्धशिशी, ऑपरेशन किंवा केमोनंतरची मळमळ, यात बऱ्याच लोकांना आराम पडतो. पण खोट्या सुया (आत न जाणाऱ्या किंवा भलत्याच जागी लावलेल्या) वापरून जे अभ्यास झाले त्यात खऱ्या-खोट्यातला फरक थोडाच दिसला, हेबी खरंय. शुगर, बीपी, कॅन्सर सुईनं बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा, अन् चालू गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

माणूस कसा निवडायचा? महाराष्ट्रात यासाठी वेगळा कायदा अन् कौन्सिल आहे, रजिस्ट्रेशन नंबर बिनधास्त विचारा. दुसरं म्हणजे सुई. आम्ही पहिल्यांदा जिथं गेलो तिथं स्पिरिटच्या बोळ्यात वापरलेल्या सुया ठेवल्या होत्या, आईचा हात धरून तसाच बाहेर आलो. त्यातून कावीळ, एचआयव्ही पसरू शकतो. दुसरीकडं बाईंनी आमच्यासमोर पाकीट फाडलं, काम झाल्यावर सुया मोजून डब्यात टाकल्या. असंच पाहिजे.

सुई लई बारीक असती, इंजेक्शनची तर तिच्यासमोर दाभणच वाटावी. आईला टोचताना मुंगी चावल्यासारखं झालं, मग आतून जड-जड, भरल्यासारखं, ती म्हणाली "आगं बाई, पाय भारी झाला". ते नॉर्मल असतंय. झणझणीत कळ गेली तर मात्र लगेच सांगायचं. वीस-तीस मिनिटं तसंच पडून राहायचं, हलायचं नाही. उपाशी जाऊ नका, चक्कर येते, भाकरी खाऊन जा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पोटुशी असाल, पेसमेकर असेल तर आधी सांगा, काही जण सुईला बारीक करंट जोडतेत, पेसमेकरवाल्यांनी तो लावून घ्यायचाच नाही. छाती-पाठीवर खोल सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, क्वचित होतं पण होतं, दम लागला तर वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

रोज रात्री दुखणं दहापैकी किती ते वहीत लिहा. आम्ही सहा वेळा जाऊन बघायचं ठरवलं होतं, आईचं आठवरून पाचवर आलं, जिना चढती पण मांडी घालून बसता येत नाही अजून, अन् मांडीचा व्यायाम सोडला की परत वाढतं. सहा-आठ वेळात काहीच फरक नाही तर पैसे घालू नका.

अन् घाटात गाडी लागत असेल तर मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूनं दोन कडक शिरांच्या (कंडरांच्या) मधी अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं दाबून धरा. मळमळीसाठी सुईवाले हाच बिंदू घेतेत. बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटात आई आता हेच करती.