विमान आधी की हॉटेल? बुकिंग करताना या चुका टाळा

प्रवासाचं बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिकीट किती दिवस आधी काढलं तर स्वस्त पडतं? त्याच्याही आधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. आपल्या तारखा कितपत पक्क्या आहेत? विमानाचं तिकीट एकदा काढलं की त्यातून सुटका महागात पडते, हॉटेलची खोली मात्र बऱ्याचदा फुकट रद्द करता येते. हा फरक लक्षात न घेता दोन्ही एकाच बैठकीत, एकाच उत्साहात बुक केलं की घोळ सुरू होतात.

मंगळवारची वाट बघणं

मंगळवारी मध्यरात्री तिकिटं स्वस्त होतात, ब्राउझरचा इतिहास पुसला की भाडं उतरतं, असले तोडगे अजून फिरत असतात. यांवर वेळ घालवू नका. भाडं ठरतं वेगळ्याच हिशोबाने. एकाच विमानातल्या इकॉनॉमीच्या जागा वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढचा, महाग गट दिसू लागतो. आधी काढणाऱ्याला सवलत आणि कामासाठी ऐनवेळी निघणाऱ्याकडून पूर्ण भाडं, हे गणित अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये मोठ्या प्रमाणावर वापरलं, आणि आज जवळपास सगळ्याच कंपन्या ते वापरतात. कित्येक सवलतीची भाडी प्रवासाच्या २१, १४ किंवा ७ दिवस आधी बंदच होतात. त्यामुळे 'शेवटच्या आठवड्यात रिकाम्या जागा स्वस्तात काढतील' ही आशा बहुधा फोल ठरते.

याच गटांमुळे होणारी एक चूक फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. चौघांची तिकिटं एकदम शोधली आणि स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असतील, तर बहुतेक ठिकाणी चौघांनाही वरच्या गटाचं भाडं दाखवलं जातं. म्हणून एकदा एकाच प्रवाशासाठी शोधून बघा. भाडं कमी दिसलं तर तीन आणि एक अशी तिकिटं काढता येतात. पण मग ती दोन स्वतंत्र बुकिंगं होतात. विमान रद्द झालं तर चौघांना एकाच पुढच्या विमानात बसवतील याची खात्री नाही. सोबत लहान मुलं असतील तर मी तरी हा उद्योग करणार नाही.

फार लवकर काढणं हीसुद्धा चूकच. बऱ्याच कंपन्या सुमारे ११ महिने आधी विक्री सुरू करतात, पण पहिल्या दिवशीचं भाडं सर्वांत कमी असेलच असं नाही. शिवाय इतक्या आधीचं वेळापत्रक मधल्या काळात बदलू शकतं. तसा ईमेल आला तर न वाचता 'मान्य' दाबू नका. बदल मोठा असेल तर बहुतेक वेळा दुसरं विमान किंवा पैसे परत मागता येतात.

व्हिसाआधी पैसे न परतणारं तिकीट

याला म्हणतात आधी कळस मग पाया. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. म्हणजे वेळ हाताशी असतो. अर्जासाठी मुक्कामाचा पुरावा लागला तर रद्द करता येणारी खोली कामाला येते. पासपोर्टही तेव्हाच काढून बघा. अनेक देश त्याची मुदत आणखी ६ महिने शिल्लक असावी असा आग्रह धरतात, आणि बुकिंगवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळावं लागतं.

स्वस्त खोलीची मेख

त्याच खोलीचे दोन दर दिसतात: एक रद्द करता येणारा, दुसरा थोडा स्वस्त पण पैसे न परतणारा. विमान पक्कं होईपर्यंत पहिलाच घ्या. तारखा धूसर असल्या तरी अशी खोली आधी अडवून ठेवायला हरकत नाही. रद्द करण्याची शेवटची वेळ मात्र कॅलेंडरमध्ये टाका, आणि ती सहसा हॉटेलच्या गावच्या घड्याळाप्रमाणे असते हे विसरू नका. निघण्याच्या दहा-बारा दिवस आधी दर पुन्हा तपासा. उतरला असेल तर आधी नवं बुकिंग करा, मग जुनं रद्द करा. उलट क्रमाने केलं आणि तेवढ्यात खोल्या संपल्या, तर हातचं गेलंच.

अशी रद्द करता येणारी खोली घेतली की ती आधी काढली की तिकीट, याने फारसं बिघडत नाही. अपवाद एकच. ऑलिंपिकसारखा सोहळा असेल किंवा मोजक्याच खोल्यांचं छोटं बेट असेल, तर तिथे विमानापेक्षा राहण्याची जागा आधी संपते. अशा वेळी खोली मिळाल्याशिवाय तिकिटाला हात लावू नये.

मध्यरात्रीचा हिशोब

ही चूक मी स्वतः केली आहे. विमान पहाटे ३ ला उतरणार होतं, तारीख १५, म्हणून खोली १५ पासून घेतली. ताबा दुपारी मिळणार होता. सकाळभर सामान घेऊन स्वागतकक्षातल्या सोफ्यावर पेंगत बसलो. खोली १४ च्या रात्रीपासून घ्यायला हवी होती, आणि पहाटे पोहोचतोय हे हॉटेलला कळवायलाही हवं होतं, नाहीतर पाहुणा आलाच नाही असं समजून तेच बुकिंग रद्द करू शकतात. निघतानाही हाच सापळा: १५ तारखेला रात्री ००:३० चं विमान म्हणजे विमानतळावर १४ च्या रात्री हजर.

दोन कंपन्यांची स्वतंत्र तिकिटं जोडून प्रवास करत असाल तर मधे भरपूर वेळ ठेवा. पहिल्या विमानाला उशीर झाल्यामुळे दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. परतीच्या तिकिटाचा जाण्याचा टप्पा मुद्दाम सोडण्याचा विचारही नको, त्याने बहुधा परतीचा टप्पाही रद्द होतो.

पैसे गेले, तिकीट नाही

पान अडकलं, बँकेचा मेसेज आला, पण तिकीट आलं नाही. लगेच पुन्हा पैसे भरू नका. आधी ईमेलचा स्पॅम तपासा. सहा अक्षरांचा पीएनआर आला असेल तर तो कंपनीच्या साइटवर टाकून बघा. पीएनआर म्हणजे फक्त आरक्षण झालं, तिकीट निघालं असेल तर बऱ्याच कंपन्यांत त्याचा १३ अंकी क्रमांकही असतो. पीएनआर आहे पण हा क्रमांक काही तासांतही दिसत नसेल, तर जिथून बुकिंग केलं त्यांना फोन करा आणि बँकेचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. एजंटच्या साइटवरून काढलं असेल तर विमान कंपनी बहुधा तुम्हाला एजंटकडेच परत पाठवते, म्हणून पहिला फोन त्यालाच.