मालट्रकला जीपीएस बसवताना आणि बसवल्यानंतर

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील सुटे भाग, लासलगाव-पिंपळगावचा कांदा, दिंडोरी-निफाडची द्राक्षे आणि सिन्नरचा औद्योगिक माल वाहणाऱ्या नाशिकच्या अनेक लहान वाहतूकदारांनी गाड्यांना जीपीएस यंत्रे बसवली आहेत; परंतु त्यांचा उपयोग बहुधा ‘गाडी कुठे पोहोचली?’ एवढ्या प्रश्नापुरता होतो. त्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी फोनवरही मिळत होते. यंत्राचे पैसे वसूल होतात ते गाडी कुठे, किती वेळ आणि कोणामुळे उभी राहिली याची नोंद हाती आल्यावर, कारण ट्रकच्या धंद्यातील तोटा धावत्या चाकापेक्षा थांबलेल्या चाकात अधिक असतो. स्वतःच्या पाच ते पंधरा गाड्या आणि हंगामात बाजारातून घेतलेल्या काही भाड्याच्या गाड्या, असा व्यवसाय डोळ्यांसमोर ठेवून पुढील पद्धत मांडली आहे.

यंत्र निवडणे आणि बसवणे

यंत्र उपग्रहांकडून संकेत घेऊन स्वतःचे स्थान ठरवते, त्यासाठी त्याला एका वेळी किमान चार उपग्रह ‘दिसावे’ लागतात, आणि ते स्थान आतल्या सिमकार्डमार्फत सर्व्हरकडे पाठवते. म्हणजे उपग्रहाचा संकेत आणि मोबाइलचे नेटवर्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत व त्या वेगवेगळ्या ठिकाणी दगा देतात. कसारा घाटात नेटवर्क गेले तरी स्थान कळत असते, ते फक्त पाठवता येत नाही. म्हणून नेटवर्क नसताना नोंदी साठवून नंतर पाठवणारेच यंत्र घ्यावे. समृद्धी महामार्गावरील इगतपुरीजवळच्या बोगद्यात मात्र उपग्रहच दिसत नाहीत. तो बोगदा सुमारे आठ किलोमीटरचा असल्याने ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडीही नकाशावरून सहा मिनिटे नाहीशी होते. कार्यालयात बसणाऱ्याला हे आधी सांगून ठेवले नाही, तर दर खेपेला चालकाला निष्कारण फोन जातो.

एआयएस-१४० हे वाहनाचे स्थान कळवणाऱ्या यंत्रांचे सरकारी मानक आहे. सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी सक्तीचे असलेले या मानकाचे यंत्र साध्या मालट्रकला सरसकट लागत नाही. धोकादायक माल किंवा वायू वाहणाऱ्या साडेतीन टनांवरील नव्या वाहनांना मात्र ते आवश्यक आहे. अशा मालाची कामे घेत असाल किंवा घेण्याचा विचार असेल, तर स्वस्त यंत्र घेऊन पुन्हा खर्च करण्यापेक्षा सुरुवातीलाच मानकाचे यंत्र बसवावे.

बसवताना तीन तारांकडे लक्ष द्यावे: बॅटरी, अर्थिंग आणि इग्निशन. घाईत असलेला कारागीर इग्निशनची तार बऱ्याचदा सोडून देतो. मग इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी आणि बंद करून उभी केलेली गाडी यांत फरक करता येत नाही, शिवाय उभ्या गाडीचे स्थान उपग्रहाच्या संकेतातील चढउतारामुळे थोडे थोडे सरकत राहते आणि अहवालात न झालेले किलोमीटर जमा होतात. बसवल्यानंतर एका पूर्ण खेपेचे यंत्रातील अंतर गाडीच्या मीटरशी ताडून पाहावे. अहवालातील वेळ भारतीय प्रमाणवेळ आहे ना, हेही त्याच दिवशी तपासावे. काही यंत्रे जागतिक वेळेत नोंद करतात आणि साडेपाच तासांचा हा फरक पुढे बिलाच्या वादात नडतो. दूरवरून इंजिन बंद करण्याची सोय असेल, तर ती गाडी थांबलेली असतानाच चालेल अशी बांधून घ्यावी. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडले की ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही जाते. घाटात याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही.

सीमा कशा आखाव्यात

सर्वांत जास्त वेळ या कामाला द्यावा. नकाशावर एखाद्या जागेभोवती सीमा आखली, की गाडी आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ आपोआप नोंदली जाते. हिला जिओफेन्स म्हणतात. बहुतेक जण कारखान्याच्या नावावर टिचकी मारून पाचशे मीटरचे वर्तुळ काढून मोकळे होतात. अंबडसारख्या दाट वसाहतीत त्या वर्तुळात शेजारचे चार कारखाने, चहाची टपरी आणि अर्धा रस्ता येतो, आणि नुसती जवळून गेलेली गाडीसुद्धा ‘पोहोचली’ म्हणून नोंदली जाते. मोकळ्या आकाशाखाली यंत्र साधारण पाच ते दहा मीटरपर्यंत अचूक असते, परंतु पत्र्याच्या शेडमध्ये ही अचूकता घसरते. त्यामुळे सीमा जागेच्या आकाराची, कुंपणाला धरून आणि थोडी सैल अशी बहुकोनी आखावी आणि पाच मिनिटांहून अधिक काळ थांबल्याखेरीज आगमन धरू नये.

प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी दोन सीमा आखाव्यात. आतली सीमा माल भरण्याच्या किंवा उतरवण्याच्या आवाराची, आणि बाहेरची सीमा गाड्या जिथे रांगेत उभ्या राहतात त्या रस्त्यासह. गाडी बाहेरच्या सीमेत आली पण आतल्या सीमेत शिरली नाही, तो काळ म्हणजे फाटकाबाहेरची प्रतीक्षा. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा काळ म्हणजे भराई किंवा उतराई. हे दोन आकडे वेगळे झाले की दोष कोठे आहे ते दिसू लागते. लासलगावच्या बाजार समितीत लिलावानंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडून गोण्या भरेपर्यंत गाडी अडकून राहिली, तर तो वेळ व्यापाऱ्याच्या नावावर जातो. न्हावा-शेवा बंदराच्या फाटकाबाहेर रांगेत गेलेला वेळ वेगळा, आणि त्या बंदरात कागदपत्रांसाठी गेलेला वेळ आणखी वेगळा.

ही नोंद पैशांत उतरवायची असेल, तर भाडे ठरवतानाच भराई आणि उतराईसाठी किती तास विनामूल्य आणि त्यापुढे दर तासाला किती हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचा आकार, हे लेखी ठरवावे. त्यानंतर बिलाला बिल्टीची (मालासोबतच्या वाहतूक पावतीची) पोच, फाटकावरील नोंदवहीचा शिक्का आणि जीपीएसच्या आगमन-निर्गमनाचा अहवाल असे तिन्ही कागद जोडावेत. केवळ जीपीएसचा अहवाल समोर ठेवला तर ‘तुमचे यंत्र, तुमचा आकडा’ असे उत्तर येते. शिक्क्याशी तो जुळला की चर्चा दरावर येते. पहिल्याच महिन्यात प्रत्येक ग्राहकाला हॉल्टिंगचे बिल पाठवू नये असे माझे मत आहे. दोन-तीन महिन्यांची नोंद साठवून, जिथे गाडी सतत अडते त्या ठिकाणच्या व्यवस्थापकाला ती दाखवावी, कारण अनेकदा भराईची वेळ बदलून मिळते आणि ती पैशांहून अधिक उपयोगी पडते.

पोहोचण्याची वेळ कशी सांगावी

नकाशावरील अॅप जी वेळ दाखवते ती मोटारीच्या वेगाची असते, आणि चाकणला जाणाऱ्या भरलेल्या ट्रकला सिन्नर, संगमनेर आणि चंदनापुरी घाट ओलांडायचा असतो. त्याऐवजी त्याच मार्गावरील आपल्या मागील वीस खेपांना लागलेला वेळ कमी ते जास्त अशा क्रमाने मांडावा आणि ग्राहकाला अठराव्या क्रमांकाची वेळ सांगावी. दहापैकी नऊ वेळा गाडी त्या वेळेत पोहोचेल. सरासरी सांगणारा वाहतूकदार जवळजवळ निम्म्या खेपांत उशीर करतो आणि त्याला कारण कळत नाही. ठाणे परिसरात अवजड वाहनांना ठरावीक वेळांत बंदी असते, त्यामुळे नाशिकहून किती वाजता निघालो यावर सगळे अवलंबून असते. सकाळच्या आणि रात्रीच्या खेपांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा. सिंहस्थाच्या काळात शहरातील मार्ग वळवले जातात, तेव्हाच्या खेपा या हिशेबात मुळीच मिसळू नयेत.

ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहण्यासाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढाव्या लागणाऱ्या कागदाची, मुदतही जीपीएसच्या याच नोंदींवरून सांभाळता येते. साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते, आणि ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तासांनंतरपर्यंत वाढवून घेता येते. राज्यांतर्गत वाहतुकीत महाराष्ट्रात एक लाख रुपयांवरील आणि परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरील करपात्र मालाला हे बिल लागते. ताज्या कांद्याला आणि भाजीपाल्याला त्यातून सूट आहे. गाडी धुळ्याच्या पुढे कुठे बिघडून पडली, तर यंत्राने दिलेल्या थांब्याच्या सूचनेवर मुदतीचा हिशेब लगेच करावा, आणि माल दुसऱ्या गाडीत भरला तर त्या गाडीचा क्रमांक बिलाच्या दुसऱ्या भागात भरल्याशिवाय ती हलवू नये.

शीत माल आणि डिझेल

निर्यातीची द्राक्षे पॅकहाउसमध्ये आधी थंड करून मग शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या रीफर (शीतयंत्र बसवलेल्या) कंटेनरमधून जातात. येथे स्थानापेक्षा तापमानाची आणि जनरेटर चालू असल्याची नोंद महत्त्वाची आहे. तापमान मोजणारी कांडी (सेन्सर) थंड हवेच्या झोताजवळ लावल्यास आकडा नेहमी छान दिसतो. ती परतीच्या हवेच्या वाटेवर आणि शक्य असल्यास दुसरी पेट्यांमध्ये लावावी. दार उघडताच इशारा वाजू नये म्हणून दहा-पंधरा मिनिटांचा अवधी ठेवावा, नाहीतर लोक इशारेच बंद करतात.

डिझेलच्या टाकीतील पातळी मोजणारी कांडी टाकी रिकामी करून, मापाने डिझेल ओतत आणि प्रत्येक टप्प्याचा आकडा नोंदवत जुळवून घ्यावी लागते. घाटात टाकी तिरपी झाली की पातळी खोटी घसरते, म्हणून गाडी सपाट जागी उभी असताना अचानक झालेली घटच विचारात घ्यावी. यापलीकडे, दोन-तीन गाड्यांच्या धंद्यात या कांडीवर खर्च करण्यापेक्षा पंपाच्या पावत्या आणि किलोमीटर यांचा महिन्याचा ताळा पुरेसा ठरतो.

चालक, भाड्याच्या गाड्या आणि करार

चालकाला यंत्राची माहिती आधी द्यावी, काय नोंदले जाते ते दाखवावे आणि हॉल्टिंगच्या वसुलीतील काही भाग त्याला मिळेल असे ठरवावे. मग फाटकावरचा शिक्का आणायची आठवण करून द्यावी लागत नाही. वेगाच्या इशाऱ्यावरून त्याला धावत्या गाडीत फोन करू नये. चालवताना हातात मोबाइल धरणे कायद्याने गुन्हा आहे आणि तो गुन्हा आपण करवून घेऊ नये. त्या दिवसाची नोंद संध्याकाळी समोर ठेवून बोलावे.

बाजारातून घेतलेल्या गाडीत आपले यंत्र नसते. तेथे चालकाच्या संमतीने त्याच्या सिमवरून स्थान घेण्याची सेवा वापरता येते. मात्र ती मोबाइलच्या मनोऱ्यावर चालत असल्याने चूक काही किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणून तिच्यावर हॉल्टिंगचा दावा उभा करू नये. घोटीसारख्या टोलनाक्यांवरील फास्टॅगच्या वेळा गाडीमालकाकडून मिळाल्या तर त्या अधिक भरवशाच्या असतात. ग्राहकाला गाडीचा दुवा द्यायचा झाल्यास तो माल पोहोचताच बंद होणारा असावा, कारण पुढची खेप कोणाची आहे हे मागच्या ग्राहकाला दिसण्याचे कारण नाही.

सेवा देणाऱ्याशी करार करताना वर्षाचे नूतनीकरण, सिमचा खर्च आणि जुन्या नोंदी किती काळ ठेवल्या जातील हे लिहून घ्यावे, आणि दर महिन्याला सर्व अहवाल एक्सेलमध्ये उतरवून आपल्याकडे ठेवावेत. नूतनीकरण चुकले की खाते बंद होते आणि वादातील खेपेची नोंद त्याच वेळी लागते. गाडी विकताना खासगी यंत्र काढून घ्यावे. गाडीच्या कागदपत्रांशी जोडलेले एआयएस-१४० यंत्र मात्र गाडीतच राहू द्यावे आणि त्याचे खाते नव्या मालकाच्या नावावर करून द्यावे.