क्लास टिकवायचा कसा : पहिलीपासून दहावीपर्यंतचा हिशेब

मुलाला तबला लावायचा की बॅडमिंटन, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की घराला कुलूप लावल्यापासून क्लासच्या दारात पोचेपर्यंत किती मिनिटं जातात. अभ्यासाबाहेर शिकलेल्या गोष्टीचा फायदा पाच-सात वर्षांनी दिसायला लागतो, आणि तेवढी वर्षं टिकतो तो बहुतेक वेळा जवळचा क्लास. नामांकित पण लांबचा क्लास दुसऱ्या पावसाळ्यात सुटतो.

जायला वीस मिनिटं, ही मर्यादा धरा. ती रविवारी सकाळी मोजू नका. ज्या वारी, ज्या वेळी क्लास आहे त्याच वेळी जाऊन मोजा. ठाण्यात कासारवडवली किंवा वाघबीळहून संध्याकाळी साडेसहाला नौपाड्यात पोचायचं म्हणजे मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा सगळं पार करायचं. नकाशावरच्या किलोमीटरना तिथे काही अर्थ नाही. नवी मुंबईत सेक्टरातल्या सेक्टरात पायी जाता येतं, ही मोठी सोय. पण रूळ किंवा सायन-पनवेल महामार्ग ओलांडायचा असेल तर दहा वर्षांचं मूल एकटं जाणार नाही. म्हणजे घरातलं एक मोठं माणूस आठवड्यातून दोन संध्याकाळी अडकलं. ते माणूस कोण, हे प्रवेश घेण्याआधी नाव घेऊन ठरवा. ‘बघू, कोणीतरी सोडेल’ यातलं कोणीतरी नेहमी आजीच असते, आणि तिला विचारलेलं नसतं.

फी म्हणजे खर्च नव्हे

वहीत एक पान करा. समजा फी महिना 1,500 रुपये, महिन्याला आठ तास. रिक्षा जाऊन-येऊन 120 रुपये, म्हणजे महिन्याला 960. बूट, रॅकेट, कपडे वर्षाला 4,000, म्हणजे महिन्याला साधारण 330. बेरीज 2,800 च्या आसपास, तासाला 350. आता चालत जाण्याच्या अंतरावर 2,000 रुपये फीचा क्लास असेल, तर तोच हिशेब 2,330 वर थांबतो. महाग वाटणारा क्लास स्वस्त निघाला. आकडे आपापले घाला, पण वहीत मांडल्याशिवाय हे दिसत नाही.

‘वर्षाची भरा, दोन महिने फुकट’ याला पहिल्या वर्षी भुलू नका. तीन महिन्यांची भरा. भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या : पावसाळ्यात मैदान बंद असताना फीचं काय, सहामाही आणि दिवाळीत बुडलेले तास भरून मिळतात का, आणि सर बदलले तर कळवतात का. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. मूल शिकतं ते सरांकडे, पाटीवरच्या नावाकडे नाही.

डेमोच्या दिवशी घड्याळ बघा

डेमोला सगळेच गोड बोलतात. तुम्ही मागे उभं राहून एकच गोष्ट मोजा : तुमचं मूल नव्हे, आधीपासून येणारं एखादं मूल प्रत्यक्ष किती मिनिटं काही करतंय. बॅडमिंटनचं उदाहरण घ्या. तास साठ मिनिटांचा, त्यातली पंधरा वॉर्मअपला गेली. एका कोर्टवर बारा मुलं, एक कोच, आणि एकेकाला शटल टाकून देतोय. उरलेल्या पंचेचाळीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटंही येत नाहीत, बाकी वेळ रांग. कोर्टवर सहा मुलं असतील, किंवा रांगेतल्यांना पायाचं काम नाहीतर भिंतीवरचा सराव दिलेला असेल, तर गोष्ट वेगळी. चित्रकलेच्या वर्गात मुलांच्या वह्या मागा. वीस वह्यांत तोच डोंगर, तीच झोपडी, तोच सूर्य दिसला, तर तिथे फळ्यावरून उतरवून घेणं चालतं.

पालकांना कधीच आत बसू न देणारा क्लास घेऊ नका, कितीही नाव असलं तरी. पोहण्याच्या तलावावर कपडे बदलायच्या खोलीपाशी कोण असतं, आणि मुलांच्या तासाला जीवरक्षक काठावर असतो की ऑफिसात, हे डोळ्यांनी बघा.

काय, कधी

पोहणं पाच ते सातच्या दरम्यान उरकून टाका. उन्हाळ्याच्या एका बॅचमध्ये मूल तरंगायला लागतं, पण न दमता सलग पोहायला पुढचा उन्हाळाही लागतो. इथेच बहुतेक घरं थांबतात आणि शिकलेलं अर्धवट राहतं. मल्लखांब सहा-सातपासून चालतो. खांब आणि एरंडेल तेल मंडळाचं, तुमचा खर्च जांघियाचा. शरीरासाठी इतकं स्वस्त आणि इतकं पुरं दुसरं काही नाही, असं आमचं मत. मैदानी खेळ लावायचा तर दिवाळीनंतर लावा. जूनमध्ये लावलेला फुटबॉल म्हणजे चिखल, सुट्ट्या आणि फी. तबला, पेटी, गाणं आठ-नऊला ठीक. पेटीला हात पुरावा लागतो आणि एका जागी वीस मिनिटं बसता यावं लागतं.

एका वेळी एक कला आणि एक खेळ. तिसरं काही लावलंत की घरी सराव होत नाही, आणि सराव नसेल तर क्लास म्हणजे पाळणाघर.

घरचा पंधरा मिनिटांचा रियाज

खरी कमाई इथे आहे. आठवड्यात दोन तास क्लास आणि रोज पंधरा मिनिटं घरी, असं गणित असेल तरच वर्ष फुकट जात नाही. वेळ आणि जागा पक्की ठेवा. शाळेतून आल्यावर खाणं झालं की अर्ध्या तासाने, हे बहुतेक घरांत जमतं. गाण्याचा रियाज जेवणावर करू नका. सोसायटीत दुपारी एक ते चार तबला वाजवू नका. तबल्याखाली जाड चादरीची घडी ठेवली की खालच्या मजल्यावर जाणारी धडधड कमी होते.

‘आम्हाला त्यातलं काही कळत नाही’ ही अडचण नाही. तीनताल हातावर धरायला दहा मिनिटांत शिकता येतं. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला काल म्हणजे हात उघडा बाजूला. मूल ‘धा धा तिट धा धा तूना’ वाजवत असताना तुम्ही फक्त हातावर ताल धरा. सम म्हणजे पहिली मात्रा चुकली की दोघांनाही लगेच कळतं. मूल हमखास घाई करतं आणि पहिला मोडतो तो ‘तिट’. बोटं वेगवेगळी पडण्याऐवजी एकत्र आपटतात. अशा वेळी ‘परत वाजव’ म्हणू नका, ‘निम्म्या लयीत वाजव’ म्हणा. तीन वेळा स्वच्छ आलं की थोडी वाढवा. मोडलेला बोल त्याच वेगात पन्नास वेळा वाजवला तर मोडलेलाच पक्का होतो.

वाद्य पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. दोन-तीन महिने भाड्याचं किंवा क्लासमधलं चालतं. घ्यायच्या दिवशी सरांना सोबत न्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल पडते आणि सूर उतरतो. मूल, किंवा उत्साही बाबा, हातोडी घेऊन ठोकून तो चढवतात. मग ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की तीच पुडी जास्त ताणली जाते आणि एखाद्या दिवशी फाटते. म्हणून पावसात वाद्य सुती कापडात गुंडाळून भिंतीपासून दूर ठेवा, क्लासमध्ये वाजवताना लागेल तेवढाच सूर चढवा, आणि पाऊस सरला की सरांकडून ताण तपासून घ्या. ओला हात शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाला, लावायचा नाही.

बॅडमिंटनला सुरुवातीला भारी रॅकेट नको. 85 ग्रॅमच्या आत वजन, बारीक मूठ आणि नायलॉनचं शटल पुरे. शटलच्या बुचावर पट्टी असते. हिरवी संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. पैसे घालायचे तर बुटांवर घाला. कोर्टचे, डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट हवेत. शाळेच्या बुटांवर पाय मुरगळतो.

दहावीपासून उलटं मोजा

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा क्रमाने अशा : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद. वर्षाला एक धरली तर मध्यमा पूर्णपर्यंत पाच वर्षं. नववी-दहावीच्या वर्षांत परीक्षा नको असेल तर तयारी चौथीत सुरू व्हायला हवी. सातवीत सुरू करून विशारदचा आग्रह धरणं म्हणजे मुलावर अन्याय. वाशीला गांधर्व महाविद्यालय आहेच, पण परीक्षा जवळच्या केंद्रावरूनही देता येते.

शासकीय रेखाकला परीक्षांत आधी एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट. दहावीला सवलतीचे गुण मिळतात ते इंटरमीजिएटच्या श्रेणीवर, एलिमेंटरीवर नाही. दहावीतच जाग आली तर दोन्हींचा मेळ बसत नाही. खेळाच्या गुणांसाठी शालेय स्पर्धांमधली मान्यताप्राप्त पातळी लागते. एंट्री फी घेऊन प्रत्येकाला पदक देणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धांची प्रमाणपत्रं त्यात चालत नाहीत, फक्त फाइल जाड करतात. नियम बदलत असतात, म्हणून आठवीतच शाळेच्या कार्यालयात विचारा आणि मूळ प्रमाणपत्रं एका जागी ठेवा.

गुणांसाठीच क्लास लावला असेल तर तो दहावीच्या निकालाबरोबर संपतो. हे पालकांना कळत नाही, मुलांना बरोबर कळतं.

नववीत ट्यूशन सुरू झाली की पहिला हात क्लासवर पडतो. बंद करण्याऐवजी दोन दिवसांचा एक दिवस करा आणि सरांना स्पष्ट सांगा, ‘दोन वर्षं नवीन काही नको, आहे ते राहू दे.’ ‘दहावीनंतर परत सुरू करू’ म्हणून थांबलेलं मूल फार क्वचित परत जातं. तोवर बरोबरची मुलं पुढे गेलेली असतात आणि तोच संकोच आड येतो.

सोडायचं असेल तर

पहिले तीन महिने सोडायचं नाही, हे आधीच ठरवून सांगा. त्यानंतर कंटाळा आणि भीती वेगळ्या ओळखा. निघताना कुरकुर, पण परतताना बडबड, तर तो कंटाळा, दुर्लक्ष करा. क्लासच्याच वारी पोट दुखतं, एखाद्या सरांचं नाव निघालं की गप्प होतं, तर त्या आठवड्यात पाठवू नका आणि शांतपणे चौकशी करा. वर्षभर सराव करूनही मन लागत नसेल तर सोडून द्या. मधल्या आठवड्यात नको, तिमाही संपताना. मुलाला सोबत नेऊन सरांना सांगा आणि नमस्कार करून या. तबला लगेच विकू नका आणि माळ्यावरही टाकू नका. चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे वर सरकवून ताण सैल करा, कापडात गुंडाळून बाहेरच्या खोलीत ठेवा, जिथे येताजाता हात लागेल.