फोंड्यातलं दुकान आणि ६४० केबी

बाबांच्या दुकानाच्या हिशेबाचा जुना डॉस (विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालणारी प्रणाली) प्रोग्राम 'मेमरी अपुरी' म्हणत अडून बसला. रॅम १६ एमबी, पण डॉसच्या प्रोग्रामना मुळात पहिले ६४० केबीच! मेम /सी (मेमरीत काय काय बसलंय ते दाखवणारी आज्ञा) दिल्यावर कळलं, माऊस आणि सीडीचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम, तिथंच पाय पसरून बसलेत.

६४० केबीच्या वरची मेमरी खुली करायला कॉन्फिग.सिसमध्ये (संगणक सुरू होताना वाचतो ती फाईल) तीन ओळी लागतात: आधी हायमेम.सिस, मग तिच्यावर अवलंबून असलेली ईएमएम३८६ नोईएमएस, खाली डॉस=हाय,यूएमबी. मी पहिल्या दोन ओळी उलट लिहिल्या होत्या, त्यात अर्धी दुपार गेली. सुरू होताना एफ८ दाबून एकेक ओळ तपासली तेव्हा चूक दिसली. मग सीडीला डिव्हाइसहाय, माऊसला लोडहाय लावून दोन्ही ड्रायव्हर वरच्या मेमरीत हलवले.

बाबा मागून विचारतच होते, "चवथीच्या उधाऱ्या दिसतील मरे?"

दिसल्या. आमच्या भटजींचीसुद्धा.