गावच्या लग्नासाठी घरीच बनवा तोटीची बिअरपेटी

गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे आजही अनेक लग्ने घरासमोरच्या मांडवात लागतात. दुपारची पंगत उठून भटजी आणि वडीलधारी मंडळी घरी गेल्यावर, संध्याकाळी मित्रमंडळींसाठी बिअर ठेवायची असेल, तर बाटल्यांच्या खोक्यांऐवजी लाकडी पेटी आणि तिला तोटी, असा थाट दोन दिवसांत उभा करता येतो. पेटी दिसायला गावठी असावी. आतली नळी मात्र गावठी चालत नाही.

बिअरचे पिंप, म्हणजे केग, पेटीबाहेर राहते. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने त्यातील बिअर बर्फाच्या पाण्यात बुडालेल्या स्टीलच्या गुंडाळीतून फिरते आणि तोटीपर्यंत येता येता थंड होते. ३० लिटरच्या केगमधून ३०० मिलिलिटरचे १०० पेले निघावेत, पण फेस आणि सांडलवंड धरून ९०च मोजावेत. केग, कपलर (केगच्या तोंडाला बसणारा जोड), गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करून नेमका ठेवणारी कळ) पुरवठादाराकडून भाड्याने घ्यावेत. परवान्याची चौकशी अबकारी खात्यात आधीच करावी आणि २१ वर्षांखालील कोणालाही पेला देऊ नये.

आत बसवण्यासाठी ५० लिटरची नवी बर्फपेटी घ्यावी. मासळीची वापरलेली पेटी कितीही घासली तरी तिचा वास जात नाही. तिच्याभोवती फणसाच्या जुन्या फळ्यांचे खोके ठोकावे; घराच्या दुरुस्तीत उतरवलेली दारे किंवा तावदाने असतील तर फारच उत्तम, कारण त्या लाकडाचा पिवळसर तांबूस रंग नव्या फळीला येत नाही. पुढच्या बाजूस तोटीसाठी आणि मागे बिअर आत येण्यासाठी अशी दोन भोके फळी व बर्फपेटी यांतून आरपार पाडावीत आणि दोन्हीकडे रबरी वायसर घालावेत. तोटीखाली जग मावेल इतकी जागा ठेवावी.

गुंडाळीसाठी खाद्यपदार्थांना चालणारी, सुमारे १५ मीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची नळी वापरावी. पितळी जोड टाळावेत, कारण बिअर आम्लधर्मी असते आणि पितळेत शिसे असू शकते. जोडणी झाल्यावर आधी साधे पाणी सोडून पाहावे, मग गॅसच्या जोडांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडा फुगला की जोड पुन्हा आवळावा.

खरी मेख थंडाव्यात आहे. पहिल्या लग्नात मी पेटी नुसत्या बर्फाने भरली होती. नळीला टेकलेला बर्फ वितळून तिच्याभोवती पोकळी झाली आणि पाऊण तास पेल्यांत निव्वळ फेसच येत राहिला. म्हणून बर्फासोबत गुंडाळी पूर्ण बुडेल इतके पाणी घालावेच, अधूनमधून लाकडी दांड्याने ढवळावे आणि बर्फ कमी होताच भर घालावी. केग काही तास आधी आणून, न हलवता, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावा; वाटेत हिंदकळलेली बिअर लगेच सोडली तर तीही फेसाळते.

एवढ्या लांब नळीचा अडथळा ओलांडायला २५ ते ३० पीएसआय, म्हणजे सुमारे २ बार, दाब लागतो. सिलिंडर उभाच ठेवून खांबाला बांधावा आणि रेग्युलेटरशिवाय केगला कधीही जोडू नये, कारण ३० अंश तापमानाला सिलिंडरमधील दाब ७० बारच्या पुढे जातो, म्हणजे केगला लागणाऱ्या दाबाच्या तीसपटीहून अधिक. हा गॅस बंद खोलीत साचून जीव गुदमरू शकतो, त्यामुळे सगळा सरंजाम मांडवाच्या उघड्या कडेलाच मांडावा. ओतताना पेला तिरका धरून तोटी एका झटक्यात पूर्ण उघडावी. अर्धवट उघडल्यास फेस वाढतो.

रात्री कितीही उशीर झाला तरी नळी त्याच वेळी पाण्याने धुवावी, नंतर बिअरच्या नळ्यांसाठी मिळणारे द्रावण त्यातून फिरवावे, पुन्हा भरपूर पाणी सोडावे आणि शेवटी गॅसचा हलका झोत देऊन ती कोरडी करावी. लाकडी खोके दुसऱ्या दिवशी पडवीत उलटे वाळत घालावे.