बीजप्रक्रिया केली, पण औषध प्रत्येक दाण्याला लागलं का?

पेरणी तोंडावर आली की सगळी धांदल उडते आणि बियाण्याला औषध लावायचं काम शेवटच्या अर्ध्या तासात उरकलं जातं, पोत्यात पुडी ओतली, तोंड बांधलं, दोघांनी दोन्हीकडून धरून चार हिसके दिले की झालं. हिशोबाने डोस बरोबर असतो हो, पण तो पोत्याचा डोस झाला, दाण्याचा नाही.

गव्हाचंच बघा. हजार दाण्यांचं वजन 40 ग्रॅम धरलं तर किलोत 25 हजार दाणे बसतात, आणि औषध किलोला 2 ग्रॅम असेल तर एका दाण्याच्या वाट्याला येतं 0.08 मिलिग्रॅम! एवढंसं औषध नीट पसरलं नाही की काही दाण्यांवर दुप्पट थर आणि काही कोरेच. कोऱ्या दाण्यावर बुरशीला मोकळं रान. आणि जास्त लागलेला दाणाही सुखात नसतो, टेब्युकोनॅझोलसारखी ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं जास्त झाली की कोंब आखूड राहतो, उगवण लांबते, त्यात खोल पेरलं असेल तर कोंब जमिनीबाहेर यायच्या आतच दमतो. मग आपण म्हणतो बियाणंच खराब होतं.

पहिलं काम चाळणीचं. धूळ, कोंडा, फुटके दाणे राहिले तर औषध आधी तेच पितात. फिरवायला ड्रम असेल तर अर्धाच भरा, गच्च भरला की बियाणं नुसतं एकगठ्ठा सरकतं, उलथत नाही. पातळ औषध एकदम ओतू नका, ज्या दाण्यांवर पडतं त्यांनाच ते चिकटून बसतं, म्हणून ड्रम फिरत असतानाच थोडं थोडं सोडा. पाणी लेबलवर दिलंय तेवढंच, साधारण किलोला 5 ते 10 मिली असतं, जास्त झालं तर बियाणं भिजतं आणि कमी झालं तर सगळीकडे पोचत नाही.

अजून एक, बादलीतलं औषध मधेमधे ढवळत राहा!! ते खाली बसतं, मग पहिल्या घाण्याला नुसतं रंगीत पाणी आणि शेवटच्याला सगळा गाळ. हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

झालं की वेगवेगळ्या जागचे 100 दाणे पांढऱ्या कागदावर पसरा. काही गडद, काही फिके दिसले तर अजून फिरवा. दाणा उलटून पोटाची चीर पण बघा, तिथे रंग सगळ्यात शेवटी पोचतो. रंगावरून डोस मोजता येत नाही, पण कोरा दाणा मात्र लगेच पकडता येतो. हातमोजे आणि मास्क हवाच, आणि उरलेलं बियाणं खायला किंवा जनावरांना अजिबात नको.

सावलीत सुकवून मगच पेरणी यंत्रात भरा, आणि सेटिंग औषध लावलेल्या बियाण्यावरच करून घ्या, कारण थर बसल्यावर दाणे आधीसारखे घरंगळत नाहीत, जुन्या सेटिंगवर बी कमी पडतं.