ट्रॉमाचं काम करणार असाल तर वर्गणी कुठे भराल?

ट्रॉमा म्हटलं की पुण्यात अजूनही लोकांना हाडांचा दवाखाना आठवतो. माझ्या सासूबाई लग्नानंतर वर्षभर शेजारणींना 'ती अ‍ॅक्सिडेंटच्या पेशंटचं बघते' असंच सांगत होत्या. मी समुपदेशक आहे, माझा ट्रॉमा म्हणजे मनावरचा आघात. अपघात, अत्याचार, पूर, दरड यांतून जिवंत राहिलेल्या माणसांबरोबर बसते. दर वर्षी निकाल लागले की नुकती एम.ए. झालेली दोन-चार मुलं-मुली येतात आणि विचारतात, "ताई, ट्रॉमाचं काम करणाऱ्यांच्या त्या व्यावसायिक संघटनांचं मेंबर व्हावं का? की पैसे फुकट जातात?" माझं उत्तर 'व्हा' असंच असतं. पण ते मला कसं कळलं ते आधी सांगते. त्यात माझी चांगलीच शोभा झालेली आहे.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. बाहेर पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या रस्त्याने बस घेऊन आला, तर समोर गावच नाही. मला तेव्हा पास होऊन दोन वर्षं झाली होती. एका संस्थेच्या गटाबरोबर आम्ही सहा-सात जण मंचर, घोडेगाव करत मदत केंद्रावर पोहोचलो. प्रशिक्षण गाडीतच, पाऊण तास. घडलेलं सगळं क्रमाने सांगायला लावा, तेव्हा काय वाटलं ते विचारा, मन मोकळं होऊ द्या. हातात एक-एक फॉर्म.

माझ्या वाट्याला एक आजी आल्या. पहाटे जनावरांकडे गेल्या होत्या म्हणून वाचलेल्या. मी अगदी मऊ आवाजात विचारलं, "आजी, त्या दिवशी काय काय झालं, सांगाल का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, फॉर्मकडे पाहिलं. "बाई, कितींदा सांगू? सकाळधरनं तू चौथी." मग पदराची गाठ सोडून चुरगळलेला कागद काढला. "ह्याच्यावर लेकाचं नाव चुकलंय. तलाठी कुठं बसतो तेवढं सांग." मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "ते बघू हं, आधी तुम्ही बोला, बरं वाटेल." त्या बोलल्या, रडल्या, मी फॉर्म भरला. येताना गाडीत मला चक्क समाधान वाटत होतं.

चारेक महिन्यांनी एका मैत्रिणीने एरंडवण्यातल्या अभ्यासगटात नेलं. आठ-दहा जण, एका मॅडमच्या फ्लॅटमध्ये सतरंजीवर बसलेले. त्यातले तिघे-चौघे या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे जुने सभासद होते. मी मोठ्या हौसेने माळीणचा अनुभव सांगितला. मॅडमनी चहा ओतता ओतता विचारलं, "त्यांनी बोलायला मागितलं होतं का?" एवढंच. पुढच्या बैठकीला त्यांनी कागदांची चळत आणली.

त्यातून कळलं ते असं. घटना घडून गेल्यावर लगेच माणसाला एकाच बैठकीत सगळं सांगायला लावायचं, या पद्धतीचा आराखडा १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी मांडला, तोही अग्निशामक दलासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी. पुढे ती ज्याच्या त्याच्यावर वापरली गेली. १९९७ मध्ये भाजलेल्या रुग्णांवरचा एक ब्रिटिश अभ्यास आला. तेरा महिन्यांनी पाहिलं, तर असं बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना आघातोत्तर ताणाचा विकार (पीटीएसडी) होता, न केलेल्यांपैकी ९ टक्के. गटातल्या एकाने लगेच खोडी काढली, की बोलतं केलेल्यांना मुळातच जास्त भाजलेलं होतं, तेव्हा सगळं खापर पद्धतीवर फोडू नका. बरोबर होतं त्याचं. पण पुढच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतही या एका बैठकीने विकार टळतो असं दिसलं नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नका असंच सांगितलं. २०११ मध्ये त्यांनी मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सूत्र तीन शब्दांत मावतं: बघा, ऐका, जोडून द्या. जोडून द्या म्हणजे माणसाला त्याच्या नातेवाइकांशी, रेशनशी, डॉक्टरशी, तलाठ्याशी जोडून द्या.

मी माळीणला गेले तेव्हा ती पुस्तिका निघून तीन वर्षं झाली होती आणि फुकट मिळत होती. विद्यापीठात कुणी सांगितलं नव्हतं, गाडीतल्या प्रशिक्षकालाही ठाऊक नव्हतं. मला जे हवं होतं ते छापून पडलेलं होतं, माझ्यापर्यंत पोहोचवणारं माणूस तेवढं नव्हतं. संघटनेची वर्गणी मी भरते ती या माणसांसाठी.

आता कामाचं. आंतरराष्ट्रीय पातळीवर सगळ्यात जुनी आणि मोठी म्हणजे इंटरनॅशनल सोसायटी फॉर ट्रॉमॅटिक स्ट्रेस स्टडीज, १९८५ ची. १९८० मध्ये पीटीएसडीचं निदान अमेरिकेतल्या मानसिक विकारांच्या अधिकृत यादीत आलं, त्यात व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी झगडणाऱ्यांचा मोठा हात होता, आणि त्याच लाटेत ही संघटना उभी राहिली. जर्नल ऑफ ट्रॉमॅटिक स्ट्रेस हे त्यांचं नियतकालिक. वर्गणी देशाच्या उत्पन्नगटानुसार ठरते, त्यामुळे भारतातून भरताना अमेरिकन डॉक्टरांचा आकडा बघून घाबरू नका. विद्यार्थ्यांचा दर आणखी कमी असतो, म्हणून शिकत असतानाच नाव घाला. त्यांच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना, आणि पीटीएसडीची लक्षणं मोजणारी पीसीएल-५ ही अमेरिकी सरकारी केंद्राची २० प्रश्नांची चाचणी मात्र सभासद नसतानाही मोफत मिळते, तेवढ्यासाठी वर्गणी भरू नका. वार्षिक अधिवेशन बहुतेक वेळा अमेरिकेत. तिकडे जाणं आपल्याला क्वचितच परवडतं, आणि घरून ऐकायचं तर रात्रभर जागरण. मी दोनदा केलं, दुसऱ्या दिवशी क्लायंटसमोर जांभया आवरत बसले, तिसऱ्यांदा केलं नाही.

खरा उपयोग झाला तो त्यांच्या विषयवार गटांचा. पीसीएल-५ मराठीतून वापरताना माझी पंचाईत होत असे. 'प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटतं का?' असं विचारलं की लोक सरळ 'नाही' म्हणत. माळीणजवळच्याच एका वाडीतली बाई नाही म्हणाली, आणि उठता उठता दारात थांबून बोलली, "पाऊस धो धो लागला की मी पोरांना घेऊन अंगणात जाऊन बसते. भिजलो तरी चालंल. छप्पर नको वाटतं." म्हणजे सगळं होतं, माझ्या प्रश्नात ते मावत नव्हतं. मी गटात हे लिहिलं. २०१५ च्या भूकंपानंतर काठमांडूत काम करणाऱ्या एका सहकाऱ्याचं लांबलचक उत्तर आलं. त्यांच्याकडेही लोक घरात झोपायला तयार नव्हते, आणि ते 'वाटतं का' ऐवजी 'रात्री कुठे झोपता?' असं विचारत. तेव्हापासून मीही तेच विचारते.

देशातली संघटना म्हणाल तर इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स १९६८ पासून आहे. तिथे सभासदत्वाचा प्रकार तुमच्या पदवीवर ठरतो, तेव्हा पैसे भरण्याआधी नियम वाचा. इथे नवीन मुलांचा हमखास घोळ होतो. संघटनेचं सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल या केंद्र सरकारच्या संस्थेची नोंदणी लागते, ती १९९२ च्या कायद्याने, आणि ती कुठल्याही सोसायटीची पावती दाखवून मिळत नाही. पुण्यात काही पाट्यांवर सभासदत्वाची आद्याक्षरं पदवीसारखी नावापुढे लावलेली दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं, केवढं शिकलेत! हे करू नका. तसंच शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं रंगीत प्रमाणपत्र मिळालं की लगेच 'ट्रॉमा स्पेशालिस्ट' होऊ नका. ईएमडीआरसारख्या, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणाऱ्या उपचारपद्धतीचं प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने होतं, देखरेखीखाली केसेस कराव्या लागतात. प्रशिक्षकाला कोणी मान्यता दिली आहे, हे विचारायला लाजू नका. मी एकदा लाजले आणि चांगली घसघशीत फी बुडवून बसले.

एरंडवण्याचा गट अजून चालू आहे, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. तिथला पहिला नियम गोपनीयतेचा. पुणं इतकं लहान आहे की आडनाव आणि सोसायटीचं नाव सांगितलं तर कुणाचा तरी मावसभाऊ निघतोच. म्हणून केस मांडताना वय, गाव, व्यवसाय सगळं बदलायचं. दुसरा नियम असा की दर वेळी एकाने स्वतःची झोप, भूक, चिडचिड यांबद्दल बोलायचं. सुरुवातीला मला हे थेर वाटायचं. सलग तीन अत्याचाराच्या केसेस झाल्यावर मी मुलीला शेजारच्या दुकानातही एकटी सोडेनाशी झाले, तेव्हा ते गटातल्यांच्या लक्षात आलं, माझ्या नाही. पुढचे दोन महिने त्यांनी माझ्याकडे नवीन केस पाठवली नाही.

तेव्हा पहिल्या वर्षी तीन-तीन ठिकाणी पैसे भरू नका. एक मोठी संघटना (अजून शिकत असाल तर विद्यार्थी दराने), आणि जिथे सतरंजीवर समोरासमोर बसता येईल असा एक गावातला गट. वर्षभर नुसतं वाचा, ऐका, निदान एक मूर्ख वाटणारा प्रश्न विचारा. मग पुढच्या वर्गणीचं ठरवा.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी मदत केंद्रावर निघाली होती, तिला ती पुस्तिका दिली. तिने चाळली आणि गोंधळून म्हणाली, "ताई, म्हणजे बोलतं करायचं नाही? मग आम्ही तिथे जाऊन करायचं काय?"

"पोहोचलीस की आधी," मी म्हटलं, "तलाठी कुठे बसतो ते विचार."